प्रवासभाडे हाही शिक्षणाचाच खर्च

बारामतीचे नाव निघाले की विकासाचे गोडवे गायले जातात. येथे 1962 पासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, 1972 पासून विद्या प्रतिष्ठान आहे. भिगवण, निमगाव केतकी, लासुर्णे, बावडा अशा इंदापूर तालुक्यातल्या गावांतून मुले-मुली येथे शिकायला येतात आणि पुढच्या शिक्षणासाठी शंभर किलोमीटरवरचे पुणे गाठतात. ज्यांच्या दारात चारचाकी उभी आहे, त्यांच्या दृष्टीने हे अंतर म्हणजे दोन तासांचा रस्ता. पण ऊसतोड करणाऱ्या, एमआयडीसीत कंत्राटी राबणाऱ्या आमच्या माणसाला मुलाच्या फीच्या आधी एक प्रश्न पडतो, रोजच्या गाडीभाड्याचे काय? शिष्यवृत्तीवर सभा होतात, मोर्चे निघतात. या प्रश्नावर मात्र कोणी बोलत नाही.

आपल्या समाजासाठी प्रवास ही कधीच साधी गोष्ट नव्हती. 1901 साली बाल भीमराव आपला भाऊ व भाच्यांसह वडिलांना भेटायला मसूर स्टेशनवर उतरले, तेव्हा जात कळताच एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे मोजून, गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, या अटीवर तो प्रवास झाला. बाबासाहेबांनी हा अनुभव स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे 1948 साली एसटी सुरू झाली. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 ने अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक वाहनात कोणाला अडवणे हा गुन्हा ठरवला. तिकीट काढले की सरपंचाच्या शेजारीही बसता येते, हे खेड्यातल्या माणसाने एसटीतच पहिल्यांदा अनुभवले. म्हणूनच एसटीकडे आम्ही केवळ वाहन म्हणून पाहत नाही. परंतु कायद्याने जातीची आडकाठी काढली तरी रिकाम्या खिशाची आडकाठी आजही तशीच उभी आहे.

आधी, जे हक्काचे आहे ते तरी आपण घेतो का? एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे दहा दिवसांच्या भाड्यात महिनाभर प्रवास. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत हा पास मोफत आहे. बारामतीहून दौंडमार्गे रेल्वेने पुण्याला जाता येते. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात गावी जाण्या-येण्यासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना प्राचार्यांच्या दाखल्यावर 75 टक्के सवलत आहे. 1990 साली घटनेच्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती झाल्यापासून हा लाभ बौद्धांनाही आहे, मात्र त्यासाठी जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात काढून ठेवावे लागते. हे अनेकांना ठाऊक नसते आणि खिडकीवरचा माणूस आपणहून सांगत नाही.

खरी कसोटी पुण्यात उतरल्यावर सुरू होते. सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटहून मेट्रो धावते आणि तिच्या तिकिटात विद्यार्थ्यांना 30 टक्के सवलत आहे. पीएमपीएमएलने 1 जून 2025 पासून भाडेवाढ केली. सर्वसाधारण दैनिक पास 70 रुपयांवर आणि मासिक पास 1500 रुपयांवर गेला. विद्यार्थ्यांचा मासिक पास 750 रुपयांवर कायम राहिला, हे बरे झाले. पण गरीब विद्यार्थ्याला खोली परवडते ती शहराच्या कडेला, कात्रज, हडपसर, भोसरीकडे. खोलीभाड्यात वाचवलेला पैसा बसभाड्यात जातो. सायकल आहे, पाय आहेत, पण रोज पंधरा-वीस किलोमीटर तुडवून आलेले पोर रात्री अभ्यास किती करणार?

आता सरकारचा हिशेब पाहू. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. जानेवारी 2017 च्या शासन निर्णयाने पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला 60 हजार रुपये ठरवले. भोजनाला 32 हजार, निवासाला 20 हजार आणि निर्वाहाला 8 हजार. शैक्षणिक साहित्याला थोडी रक्कम वेगळी. या यादीत प्रवासाचे नावच नाही! निर्वाहाचे 8 हजार बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला 666 रुपये होतात आणि नुसता बसचा पास 750 रुपयांचा! शैक्षणिक वर्ष दहाच महिन्यांचे धरले तरी पासाला साडेसात हजार जातात. उरलेल्या 500 रुपयांत साबण, तेल, कपडे, मोबाईलचे रिचार्ज, सारे भागवायचे. त्यातही योजनेचा हप्ता उशिरा येतो ही नेहमीची तक्रार. पास मात्र दरमहा रोख मोजावा लागतो.

आणि सार्वजनिक गाडीच बंद पडली तर? 2021 च्या अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप चालला. कामगारांच्या मागण्यांबद्दल आम्हाला सहानुभूतीच आहे. परंतु त्या काळात गरिबांची मुले वडापच्या जीपमध्ये कोंबून गेली. वडापवाला सवलतीचा पास मानत नाही. सार्वजनिक वाहतूक दुबळी झाली की पहिला घाव गरिबावर पडतो.

सरकारकडे पैसा नाही, असे उत्तर येईल. ते आम्हाला मान्य नाही. याच सरकारने ऑगस्ट 2022 मध्ये 75 वर्षांवरील ज्येष्ठांना एसटी मोफत केली आणि मार्च 2023 मध्ये महिलांना निम्मे भाडे माफ केले. दोन्ही निर्णयांचे आम्ही स्वागतच करतो. कर्नाटकाने जून 2023 पासून महिलांना सरकारी साधी बस मोफत दिली. अशा सवलतींची भरपाई राज्य सरकार एसटीला करून देते, म्हणजे व्यवस्था तयार आहे. घटनेचे कलम 46 दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक हित विशेष काळजीने जपायला सांगते. मार्गदर्शक तत्त्व न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाही हे आम्ही वकील म्हणून जाणतो, पण राज्यकारभारात ते मूलभूत मानावे, असे घटनाच सांगते.

आमची मागणी सरळ आहे. स्वाधारच्या लाभार्थ्याला निर्वाह भत्त्याला हात न लावता बसचा पास मिळावा आणि त्याचे पैसे सामाजिक न्याय विभागाने थेट पीएमपीएमएल व एसटीला द्यावेत. म्हणजे हप्ता रखडला तरी वर्ग बुडणार नाही. पुढे हीच सवलत सर्व जातींच्या भूमिहीन, मजूर कुटुंबांतील मुलांना मिळावी. त्यांचाही रस्ता तोच आहे.

कार्यकर्त्यांनी केवळ निवेदन देऊन थांबू नये. प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक विहारात एक टेबल मांडावे. पासाचे अर्ज, बोनाफाईड दाखला, केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र यांची कामे तेथेच करून द्यावीत. ज्या गावात कॉलेजच्या वेळेला गाडी नाही, त्या गावच्या विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन आगारप्रमुखाकडे जावे. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा पहिला आदेश. ज्या पोराकडे कॉलेजला जायचे भाडेच नाही, त्याने तो पाळायचा कसा, याचे उत्तर सरकारने दिलेच पाहिजे. आणि ते मिळेपर्यंत त्या पोराचे वर्ष वाया जाऊ न देणे, हे आपले काम आहे.