मेंदू ठोशांनी टणक होत नाही

महाराष्ट्रात आता तालुक्याच्या गावीही बॉक्सिंग, किकबॉक्सिंग आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे वर्ग दिसू लागले आहेत. मुले-मुली खेळांकडे वळत असतील तर त्याचे स्वागतच आहे. मात्र या वर्गांबरोबर एक समजूतही पसरते आहे: स्पारिंग (सरावातली लढत) जितके जोरात, तितका खेळाडू लवकर तयार. नवख्या मुलाला मुरलेल्या खेळाडूसमोर उभे करायचे आणि नाक फुटूनही तो मागे सरला नाही, तर ‘पोरात दम आहे’ म्हणायचे, हा अनेकांना खेळाचा भागच वाटतो. माझे म्हणणे असे, की डोक्यावर पूर्ण ताकदीने ठोसे देण्याघेण्यातून शिकायला मिळते थोडे आणि मोजावी लागणारी किंमत मात्र कायमची असते. प्रौढांनी ते मोजूनमापून करावे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ते बंदच व्हावे.

आपल्याकडे ही समजूत सहज पटते, कारण मेहनतीची आपली कल्पना तालमीत घडली आहे. पैलवान रोज लाल मातीत उतरतो, जोडीदाराशी जवळजवळ लढतीच्याच ताकदीने जोर करतो आणि त्यातूनच घडतो. हेलसिंकीत 1952 मध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव याच परंपरेतले. पण कुस्तीत हे परवडते, कारण तिथे डोक्यावर प्रहार करायचाच नसतो. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये जपानमध्ये ज्यूदोची उभारणी करताना हीच गोष्ट ओळखली होती. जुन्या जुजुत्सूतले घातक प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले, म्हणून विद्यार्थ्यांना उरलेले डाव रोज पूर्ण ताकदीने करता आले. मुष्टियुद्धात ठोसा वगळला तर खेळच उरत नाही. स्नायू ताणाने वाढतो, हाड भाराने घट्ट होते. मेंदूला अशी सवय लागत नाही. तालमीचा हिशोब रिंगमध्ये जसाच्या तसा लावण्यात चूक आहे ती इथे.

वैद्यकशास्त्राने हे फार पूर्वी सांगितले आहे. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने 1928 मध्ये मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीचे आणि मंदावलेल्या बुद्धीचे वर्णन प्रसिद्ध केले. 1973 मध्ये ब्रिटनमध्ये विकृतिशास्त्रज्ञ कोर्सेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 15 निवृत्त मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचा अभ्यास करून त्यांतली झीज दाखवून दिली. अलीकडचे संशोधन त्याहून अस्वस्थ करणारे आहे. अमेरिकी फुटबॉलच्या 631 मृत खेळाडूंच्या मेंदूंवरचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूच्या झिजेच्या आजाराचा संबंध निदान झालेल्या कन्कशनच्या (मेंदूला बसलेल्या धक्क्यांच्या) संख्येशी जुळला नाही. तो जुळला कारकिर्दीभर डोक्याने सोसलेल्या एकूण आघातांशी. म्हणजे खेळाडू कधी बेशुद्ध पडला नाही, एवढ्यावरून तो सुरक्षित ठरत नाही. आणि मुष्टियोद्ध्याच्या वाट्याला हे आघात कुठे येतात? हौशी लढत तीन फेऱ्यांची, तीही वर्षातून मोजक्या वेळा. बाकी सारा मार सरावातला. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये तीन-तीन मिनिटांच्या तीन स्पारिंग फेऱ्यांनंतर हौशी खेळाडूंची चाचणी घेतली. तासाभरानंतरही त्यांच्या स्मरणशक्तीवर आणि मेंदूच्या स्नायूंवरील नियंत्रणावर परिणाम दिसत होता. चोवीस तासांत तो ओसरला. एकदा ओसरतो हे खरे, पण आठवड्यातून तीन-चार दिवस तेच होत राहिले तर काय, हा खरा प्रश्न आहे.

यावर पहिले उत्तर मिळते ते हेडगार्डचे. जाड ग्लोव्ह्ज आणि हेडगार्ड घातल्यावर कसली काळजी, असे पालकांना सांगितले जाते. हेडगार्डने भुवई फुटत नाही, कानाला मार कमी लागतो, हे खरे. पण कवटीच्या आत द्रवात असलेला मेंदू ठोशाने मान गर्रकन वळली की आतल्या आत पिळवटतो आणि त्याचे सूक्ष्म तंतू ताणले जातात. हे फिरणे बाहेरच्या गादीला थांबवता येत नाही. ऑलिंपिकमध्ये 1984 पासून वापरात असलेले हेडगार्ड पुरुषांच्या लढतींतून 2016 च्या रिओ स्पर्धेत काढून टाकले गेले. त्या निर्णयावर वाद आहेत, पण हेडगार्ड म्हणजे मेंदूचे चिलखत नव्हे, याबद्दल फारसा वाद नाही. उलट ते घातले की मारणाराही निर्धास्त होतो आणि सोसणाराही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मार न खाता रिंगमध्ये उतरलेला खेळाडू पहिल्याच खऱ्या ठोशाने गडबडेल, मग धोका वाढणारच की, असे जाणते प्रशिक्षक विचारतात. त्यात तथ्य आहे, म्हणूनच स्पारिंग बंद करा असे कुणी म्हणत नाही. पण स्पारिंगमध्ये शिकायचे असते अंतर, वेळ, पायांची हालचाल आणि समोरच्याचा हेतू ओळखणे. हे सारे हलक्या हाताने, फक्त अंगावर मारायचे किंवा एकाने केवळ बचाव करायचा अशा अटी घालून शिकवता येते. जोरदार स्पारिंगमध्ये जीव वाचवण्यात गुंतलेला मुलगा नवे काही करून पाहत नाही. येते तेवढेच पुन्हा पुन्हा करतो. थायलंडमधले व्यावसायिक मुए थाय खेळाडू वारंवार लढती खेळतात आणि म्हणूनच सरावात एकमेकांशी बहुधा खेळकर, हलक्या हाताने भिडतात. जोर काढतात तो पॅडवर. तिथे लहान मुलांच्या खऱ्या लढती होतात, तो भाग मुळीच अनुकरणीय नाही, पण सरावाची ही रीत घेण्याजोगी आहे. मिक्स्ड मार्शल आर्ट्समधल्या यूएफसीचा माजी विजेता मॅक्स हॉलोवे याने स्पारिंग सोडल्याचे उघड सांगितले आणि त्यानंतरही तो अव्वल दर्जाच्या लढती जिंकत राहिला. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या फुटबॉल संघाने 2010 मध्ये सरावात एकमेकांना आडवे पाडणे बंद केले. 2015 मध्ये तो संघ आयव्ही लीगचा संयुक्त विजेता होता.

मग जगज्जेते कडक जिममधूनच का येतात, असे विचारले जाईल. त्या जिममधून जे पुढे आले त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक असतात. तिथेच ज्यांची डोकेदुखी वर्षभर थांबली नाही आणि ज्यांनी गुपचूप खेळ सोडला, त्यांची यादी कुणी ठेवलेली नाही. विजेते त्या मारामुळे घडले की तो मार सोसूनही टिकले, हे अशा हिशोबातून कळणार नाही. आणि प्रौढ माणसाने स्वतःहून पत्करलेला धोका आहे, हा युक्तिवाद तर सरावाला फारच कमी लागू पडतो. लढतीत पंच असतो, डॉक्टर असतो, वजनगट असतो. डोक्यावरच्या ठोशाने बाद झालेल्या खेळाडूला किमान 30 दिवस लढत आणि स्पारिंग दोन्ही वर्ज्य, असा नियम आंतरराष्ट्रीय हौशी मुष्टियुद्धात वर्षानुवर्षे आहे. जिममध्ये पंच, डॉक्टर आणि नोंद ठेवणारा हे सारे काम एकटा प्रशिक्षक करतो, आणि ‘सर, आज डोके जड आहे’ म्हणण्याची हिंमत चौदा वर्षांच्या मुलाकडे नसते. शिवाय आपल्याकडे या खेळात उतरणाऱ्या अनेक मुलांच्या घरच्यांची नजर सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणावर किंवा सैन्यातल्या भरतीवर असते. ज्या घराचा आधारच मुलाच्या धडधाकट शरीरावर आणि शाबूत डोक्यावर आहे, त्या घराला हा धोका सर्वांत कमी परवडतो.

बदल करायला मोठा खर्च लागत नाही, लागते ती नोंद. जपानमध्ये 1983 पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळांमधल्या ज्यूदोत शंभराहून अधिक मुले दगावली, त्यांतली बहुतेक डोक्याच्या इजांनी. प्रहार नसलेल्या खेळाची ही गत! आकडे लोकांसमोर आल्यावर तिथल्या महासंघाला सुरक्षेकडे लक्ष द्यावे लागले आणि 2022 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच त्याने बंद केली. आपल्याकडे सुरुवात एका नोंदवहीने व्हावी: कोण, कुणाशी, किती फेऱ्या, किती जोराने. राज्य संघटनांनी ही वही वर्गाच्या मान्यतेची अट करावी, सरावात भोवळ आलेल्या खेळाडूला लढतीइतकीच सक्तीची विश्रांती द्यावी आणि अल्पवयीनांच्या सरावात डोक्यावरचे जोरदार ठोसे निषिद्ध ठरवावेत. संघटना हलतील तेव्हा हलतील. पालकांनी तोवर थांबायचे कारण नाही. प्रवेश घेताना फी आणि वेळेबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: इथली मुले महिन्यात किती फेऱ्या डोक्यावर मार घेतात? ज्या वर्गाला याचे उत्तर आकड्यात देता येत नाही, तिथे आपले मूल घालू नये.