बरणीच्या बाजूने

लाकडी पेटीवर माझा राग आहे. सगळ्याच लाकडी पेट्यांवर नव्हे. बाजाची पेटी लाकडाचीच असते, देवळातली दानपेटीही लाकडाची असते, आणि आंब्याच्या पेटीबद्दल तर कोकणात राहून वाकडा शब्द काढायची माझी छाती नाही. माझा राग आहे तो चिरूट ठेवायच्या पेटीवर. तिला शौकीन लोक ह्युमिडॉर म्हणतात. आमच्या काकूला तो शब्द काही केल्या उच्चारता येईना, तेव्हा तिने त्याचा सरळ 'उमेदवार' केला, आणि पुढे जे घडलं ते पाहता काकूचाच शब्द बरोबर होता असं माझं मत झालं आहे. थाटामाटात दारात आला, फार मोठी आश्वासनं दिली, घरातली सगळ्यात चांगली जागा पटकावली आणि नेमकं कामाच्या दिवशी तोंड उघडायला तयार नाही!

तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाचा आणि चिरुटाचा संबंध काय? संबंध काही नाही. मी बी. कॉम. आहे, पंचेचाळिशीला आलोय, आणि तंबाखूशी माझा परिचय एवढाच की शेजारच्या काउंटरवरचे गृहस्थ ती मळतात आणि शिंका मला येतात. चिरूट आहेत ते आमच्या अप्पांचे. अप्पा म्हणजे माझे सख्खे काका, वय वर्षं 84, मुक्काम बुरोंडी, तालुका दापोली. आणि खरं बोलायचं तर ते अप्पांचेही नाहीत. ते चाचांचे.

चाचा बोटीवर होते. आमच्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांतला एक तरी माणूस बोटीवर असतो, तसे. अप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. 2012 साली शेवटची सफर करून ते कायमचे घरी आले, तेव्हा हवाना बंदरात घेतलेला पंचवीस चिरुटांचा खोका त्यांनी अप्पांच्या पुढ्यात ठेवला. दोघांनी करार केला. वर्षातून एकदाच, नारळी पौर्णिमेच्या संध्याकाळी, दर्याला नारळ पडला की जेटीजवळ बसायचं आणि एकेक ओढायचा. डॉक्टरांना कळू द्यायचं नाही. काकूला कळलं तरी तिने कळलं नाही असं दाखवायचं. सात पौर्णिमा झाल्या, चौदा चिरूट संपले. 2019 च्या मार्चमध्ये चाचा गेले. अकरा उरले. तेव्हापासून अप्पा एकटेच जाऊन बसतात आणि एकच ओढतात.

आता कळलं असेल, चिरूट कशात ठेवायचे हा आमच्या घरी शौकाचा प्रश्न नाही. दुकानात जाऊन नवे आणता येतील असे ते चिरूटच नव्हेत.

चिरुटाची प्रकृती मोठी नाजूक. सुकला तर पान तडकतं आणि जळताना कडू लागतो. ओलावला तर बुरशी धरते. त्याला हवेतली आर्द्रता लागते सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण पासष्ट ते बहात्तर. युरोपात किंवा अमेरिकेत थंडीच्या दिवसांत घरं तापवतात, तिथली हवा पापडासारखी कोरडी होते. तिथे चिरुटाला पाणी पाजावं लागतं, म्हणून ही पेटी. आत लाकडाचं अस्तर, एक ओला स्पंज, झाकणावर काटा. हे सगळं यंत्र ओलावा देण्यासाठी जन्माला आलेलं आहे. आता मला सांगा, जुलै महिन्यात बुरोंडीत कोणाला ओलावा पाहिजे आहे? आमच्याकडे तेव्हा हवाच नव्वद टक्के पाणी पिऊन बसलेली असते. काड्यापेटी पेटत नाही, मिठाचा लगदा होतो, चपलांना दाढी फुटते, धुतलेली बनियन पाचव्या दिवशीही ओलीच. गावात परशुरामाचा मोठा पुतळा आहे, पृथ्वीच्या गोलावर उभा. त्याने समुद्र मागे हटवून ही भूमी काढली म्हणतात. काढली असेल, पण हवेतला समुद्र हटवायचं त्याच्याकडून राहून गेलं. अशा गावी ओलावा देणारी पेटी आणणं म्हणजे बुडणाऱ्याला पाण्याचा पेला नेऊन देणं.

चाचा दर्यावरचे, त्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी काकूकडून लोणच्याची चिनी मातीची बरणी मागून घेतली. तीन दिवस उन्हात तापवली, वास जाईपर्यंत. तळाशी एका वाटीत मीठ, त्यात चमचाभर पाणी, नुसतं ओलं व्हावं इतकंच. वाटीवर पालथी चाळणी, चाळणीवर खोक्यातलंच पातळ लाकडी पान, त्यावर चिरूट, वर झाकण आणि झाकणावर घट्ट दादरा. झालं. बरणी देवघराशेजारच्या काळोख्या फडताळात.

कॉमर्सवाल्याला शास्त्र कशाला हवं, पण मी चौकशी केली. बंद भांड्यात ओलं मीठ ठेवलं की आतली हवा पंच्याहत्तर टक्क्यांच्या जवळपास स्थिर होते. बाहेरचा दमटपणा आत शिरला तर मीठ तो शोषून घेतं. मे महिन्यात आतली हवा कोरडी पडू लागली तर मीठ आपल्याकडचं पाणी सोडतं. घेणंदेणं दोन्ही, आणि खातं सदैव जुळलेलं. हल्ली परदेशात याच तत्त्वावरच्या छोट्या पुड्या मिळतात. आत क्षाराचं पाणी, आणि वरच्या कागदातून फक्त वाफ जाते-येते. त्यात पासष्टची, एकोणसत्तरची, बहात्तरची अशा प्रती असतात. म्हणजे जग हिंडून फिरून चाचांच्या वाटीपाशीच आलं. शास्त्र सत्तर म्हणतं आणि मीठ पंच्याहत्तर देतं, हा पाच टक्क्यांचा फरक मला मान्य आहे. पाच पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बँकेत बसलेला माणूस आहे मी. पण बारा वर्षांत बरणीतला एकही चिरूट खराब झाला नाही, हेही ऑडिट मीच केलेलं आहे.

त्यात 3 जून 2020 चं निसर्ग वादळ होतं. माड-पोफळी आडव्या झाल्या, आमच्या माजघरावरची कौलं उडाली, छपरातून आभाळ दिसू लागलं आणि पाऊस थेट फडताळावर. वीज कित्येक दिवस नव्हती. कंदिलाच्या उजेडात अप्पांनी आधी दस्तऐवजांची ट्रंक पाहिली नाही, बरणी पाहिली. दादरा चिंब. आतले दहा चिरूट ठणठणीत! म्हणून कोणी मला विजेवर चालणारं चिरुटांचं कपाट सुचवलं, हल्ली तसंही मिळतं, की मी त्याला फक्त ती तारीख सांगतो.

असं सगळं सुरळीत चाललं असताना 2024 च्या मे महिन्यात उमेदवार आला.

अप्पांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, अमेरिकेत असतो. तो यायचा होता. त्याला रजा मिळाली नाही, म्हणून पेटी आली. किंमत त्याने सांगितली नव्हती, पण पावती आतच राहिली होती. आपल्या पैशात बावीस हजार रुपये. चिरूट उरले होते सहा. म्हणजे चिरुटामागे तीन हजार सहाशे सहासष्ट रुपये सदुसष्ट पैसे नुसतं राहण्याचं भाडं! बरणी काकूच्या माहेरची. घसारा काढून काढून तिची पुस्तकी किंमत केव्हाच शून्य झालेली.

दादाने फोनवर पडद्यावर दिसत दिसत पेटीचे गुण सांगितले. "अस्सल स्पॅनिश सीडर आहे!" हे लाकूड चिरूटवाल्यांचं दैवत. चौकशी केली तर हे स्पॅनिशही नाही आणि सीडरही नाही. झाड अमेरिका खंडातल्या उष्ण मुलखातलं, देवदाराशी नातं काही नाही, आणि कूळ म्हणाल तर आपल्या कडुनिंबाचं. म्हणजे भाऊबंद आमच्या परसात उभे आहेत आणि आम्ही चुलत्याला विमानाने बोलावतोय. लाकडाला वास चांगला आहे, ते ओलावा धरतं आणि सोडतं, हे मी नाकारत नाही. चाचांनी खोक्यातलं पान बरणीत ठेवलं ते त्यासाठीच. पण लाकूड ओलावा धरतं म्हणजे फुगतं! आमची पावसाळ्यातली दारं खांद्याने उघडावी लागतात. पेटीचं झाकण काय वेगळ्या देवाने केलं आहे?

"जगातले मोठे लोक पेटीतच ठेवतात," दादा म्हणाला. मोठ्या लोकांचं सोडा. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी 1962 साली क्यूबाच्या मालावर बंदी घालण्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्या सचिवाला, सॅलिंजर यांना, हजारभर क्यूबन चिरूट आणायला पिटाळलं. दुसऱ्या दिवशी बाराशे हाती आल्यावर सही केली. बंदीपूर्वीची खरेदी हो, कायदेशीर! त्यांना भेट मिळालेली चिरुटांची लाकडी पेटी 1996 साली न्यूयॉर्कच्या लिलावात गेली 5,74,500 डॉलरला. तेव्हाच्या भावाने सुमारे दोन कोटी रुपये, आणि पेटी रिकामी. माझा सगळा आक्षेप या एका व्यवहारात आला. पेटीची किंमत आतल्या वस्तूपेक्षा वाढली की ती पेटी कोणासाठी असते? चिरुटासाठी नसते, पाहणाऱ्यासाठी असते.

शिवाय त्याच अमेरिकेतले शहाणे लोक, ज्यांच्याकडे चिरूट फार आणि पैसे बेताचे, ते थेट मासळीच्या बर्फाच्या खोक्यात चिरूट ठेवतात. नवं कोरं खोकं घेतात, पण जात तीच, आमच्या जेटीवर बांगडे भरतात ती. हे मी काकूला सांगितलं, ती आठवडाभर हसत होती. फ्रिजबद्दल मात्र तिचं म्हणणं ठाम. चिरुटात कीड पडू नये म्हणून ते काही दिवस गोठवून घेतात. हा किडा तोच, जो आपल्या हळदीत आणि धन्यांत होतो. "माझ्या सुरमईशेजारी ती मेली काटकं ठेवायची नाहीत," काकू म्हणाली. विषय संपला. पत्र्याच्या डब्याचा प्रयोग मीच केला होता, तो एका पावसाळ्यात गंजला. त्याबद्दल जास्त बोलणार नाही.

तर मे महिन्यात चिरूट पेटीत गेले. अप्पांनी नेले. मी विरोध केला तर म्हणाले, "अरे, पोराने एवढं पाठवलंय." यापुढे मी काय बोलणार? पेटी बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारी. काकूने बरणी ताबडतोब घासून लोणच्याला घेतली.

काटा सत्तरवर होता. जूनमध्ये सत्तर, जुलैत सत्तर. मला संशय आला. एका रविवारी काटा काढून ओल्या मिठाबरोबर पिशवीत बंद केला, रात्रभर. सकाळी पंच्याहत्तर दिसायला हवे होते, सत्तर. भाताच्या वाफेवर धरला, सत्तर. फोटोतल्या उमेदवाराच्या हसण्यासारखा तो कायमचा सत्तरवर होता. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, "असू दे. दादाला सांगू नकोस."

19 ऑगस्ट 2024, नारळी पौर्णिमा. संध्याकाळी अप्पा धुवट धोतर नेसून तयार. पेटी पुढ्यात घेतली. झाकण उघडेना. त्यांनी ओढलं, मी ओढलं, शेजारच्या पोराने ओढलं. बाहेर ढोल वाजू लागले, लोक नारळ घेऊन निघाले. अप्पा काही बोलत नव्हते, नुसते घड्याळाकडे बघत होते. शेवटी मी पेचकस घातला. बावीस हजारांच्या झाकणाची कड फुटली आणि उमेदवाराने तोंड उघडलं.

दोन चिरुटांवर हिरवट पांढरी लव आली होती. बुरशी. अप्पांनी ते उचलले, बोटाने पुसून बघितले, परत ठेवले. चार बरे होते. एक घेऊन ते जेटीवर गेले. मी लांब उभा होतो. नीट पेटत नव्हता, बऱ्याच काड्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकूने न सांगता लोणचं काचेच्या बाटल्यांत काढलं, बरणी धुतली, पाच दिवस चुलीशेजारी सुकवली. मीठ, चाळणी, लाकडी पान, सगळं जिथल्या तिथे. मधल्या काळात दादाचा फोन आला, "पेटी कशी आहे?" अप्पा म्हणाले, "उत्तम आहे. रोज वापरात आहे." खोटं नव्हतं. वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या आणि रेशन कार्ड त्यातच आहेत. आणि एका कोपऱ्यात ते दोन बुरशी आलेले चिरूट. फेकायला कोणी तयार नाही.

बरणी भरायला मी होतो. मोजून ठेवले. "अप्पा, तीनच उरले," मी म्हणालो.

"बस्स झाले की," अप्पा म्हणाले. "त्यातूनही उरला तर तू ओढ."

मी ओढत नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे.

"म्हणजे आणखी तीन वर्षं माझी बरणी अडकली," काकू स्वयंपाकघरातून म्हणाली, आणि हात पुसत बाहेर येऊन तिने माझ्या हातातला दादरा घेतला. मला घट्ट बांधता येत नाही म्हणे.