तापमानाचा आकडा आणि काळाचा हिशेब

उष्णतेत टिकणाऱ्या नव्या स्फोटकाची बातमी आली की मथळ्यात एकच आकडा झळकतो: अमुक अंश सेल्सिअसपर्यंत स्थिर. हा आकडा खोटा नसतो. तो अपुरा असतो.

पुण्यातील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेचे जे. पी. अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘बीटीडीएओएनएबी’ या स्फोटकाविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. हे द्रव्य ५५० अंशांखाली वितळत नाही, अशी त्यांची नोंद होती. टीएनटी सुमारे ८० अंशांनाच वितळते, हे पाहता ही मजल मोठीच. खोल तेलविहिरींत आणि अंतराळात अशाच द्रव्यांची गरज भासते. चंद्राच्या पृष्ठाखालचे थर तपासण्यासाठी अपोलो १७ च्या चांद्रवीरांनी १९७२ मध्ये ‘एचएनएस’ हे उष्णतारोधी स्फोटक वापरले होते.

परंतु विघटन एखाद्या ठरावीक अंशाला अकस्मात सुरू होत नाही. ते कमी तापमानालाही अतिशय मंद गतीने चालू असते. तापमानाबरोबर हा वेग कसा वाढतो, याचे सूत्र अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडले. तोच नमुना जलद तापवला, तर विघटनाचे शिखर वरच्या तापमानाला दिसते. सावकाश तापवला, तर खालच्या. म्हणजे तापवण्याचा वेग न सांगता दिलेला आकडा अर्धवटच ठरतो. शिखराच्या याच सरकण्यावरून सक्रियण ऊर्जा काढण्याची पद्धत किसिंजर यांनी १९५७ मध्ये दिली.

तेवढ्यानेही प्रश्न संपत नाही. प्रयोगातला नमुना काही मिलिग्रॅमचा असतो आणि त्यातली उष्णता सहज निघून जाते. मोठ्या साठ्यात ती कोंडते, विघटनाला गती देते आणि पुन्हा स्वतःच वाढते.

वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीत जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेची कारणमीमांसा हा स्वतंत्र विषय आहे. मात्र विदर्भातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पहारा देणाऱ्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न ५५० अंशांचा नाही. असे वीस उन्हाळे सोसल्यावर साठा कसा वागेल, हा आहे.

म्हणून तापमानासोबत तापवण्याचा वेग, सक्रियण ऊर्जा आणि दीर्घकालीन साठवणुकीच्या चाचण्यांचे निष्कर्षही बातमीत यायला हवेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ‘किती अंशांपर्यंत?’ एवढे विचारून थांबू नये, ‘किती काळ?’ हेही विचारावे.