घरपोच जकात

परदेशातून घरबसल्या वस्तू मागविणाऱ्या गिऱ्हाइकांस अलीकडे एक विलक्षण अनुभव येऊ लागला आहे. वस्तू पाहिली, किंमत पाहिली, पैसे भरले आणि व्यवहार पुरा झाला असे समजून माणूस स्वस्थ बसतो. आठपंधरा दिवसांनी पार्सल येते, किंवा पार्सलाऐवजी नुसता निरोप येतो की, अमुक जकात, तमुक कर आणि ती जकात आपल्यातर्फे आगाऊ भरल्याबद्दल वाहतूक कंपनीचा आकार, एवढी रक्कम दिल्याखेरीज माल हाती पडणार नाही. १ जानेवारी २०२१ रोजी ब्रिटन युरोपच्या एकसंध बाजारपेठेतून बाहेर पडले, तेव्हा पॅरिसहून वा बर्लिनहून कपडे मागविणाऱ्या इंग्रज गृहस्थांनी हा अनुभव घेतला. २९ ऑगस्ट २०२५ पासून तो अमेरिकेतील गिऱ्हाइकांच्या वाट्यास आला, आणि तेव्हापासून हा प्रश्न पुण्या-मुंबईतील हजारो घरांचाही झाला. कारण त्या गिऱ्हाइकांत आपले मुलगे आहेत, लेकी-जावई आहेत. आणि त्यांना माल पाठविणाऱ्यांत आपले दुकानदार व आपले गृहोद्योग आहेत.

अमेरिकेने जी सवलत बंद केली ती काही कालपरवाची नव्हती. १९३० च्या जकात कायद्यात १९३८ साली दुरुस्ती होऊन असे ठरले की, एक डॉलरपर्यंतच्या मालावर जकात घेऊ नये. कारण ती वसूल करावयास जो खर्च येतो तो वसुलीहून अधिक होतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा हिशेब अमेरिकन कारकुनालाही कळत होता. ही मर्यादा वाढत वाढत दोनशे डॉलरवर आली आणि २०१६ साली एकदम आठशे डॉलरवर गेली. तोवर जगातील व्यापाराची रीतच पालटली होती. चीनमधील विक्रेते गोदामांत माल भरून ठेवण्याऐवजी एकेक सदरा, एकेक खेळणे थेट गिऱ्हाइकाच्या नावाने धाडू लागले. २०१५ साली या माफीखाली अमेरिकेत सुमारे चौदा कोटी पार्सले आली होती; २०२४ साली ती १३६ कोटींवर गेली. जी सवलत किरकोळ म्हणून दिली होती तीच व्यापाराचा राजमार्ग झाली. तेथील कापड-कारखानदारांनी तक्रार केली, पार्सलांतून मादक द्रव्ये येतात असा आरोपही झाला, आणि ही तक्रार अगदीच निराधार होती असे आम्हांस म्हणता येणार नाही.

म्हणून माफी काढली याबद्दल आम्ही अमेरिकेस दोष देत नाही. आपल्या सरहद्दीवर काय आकारावे हा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे, आणि आपणही तो वापरलेला आहे. परदेशातून येणाऱ्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंस आपल्याकडे जकात माफ असे. चिनी दुकानांचा माल ‘भेट’ म्हणून येऊ लागला, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या सरकारने टपालाने अगर कुरिअरने भेटीच्या नावाखाली माल आणण्यास बंदीच केली. अपवाद दोन ठेवले: जीवरक्षक औषधे आणि राखी. त्यातही राखीबरोबर येणारी भेट चालणार नाही, असे खुलाशाने सांगितले! ज्या कोणा अधिकाऱ्याने ही ओळ लिहिली त्यास बहीण असावी, आणि वरिष्ठही असावेत. शिवाय परदेशाहून वस्तू मागविणाऱ्या आपल्या नागरिकास जकात द्यावी लागते ती मूळ किमतीवर नव्हे, तर किंमत, वाहतूक व विमा यांच्या बेरजेवर. आणि त्या जकातीसह झालेल्या रकमेवर पुन्हा वस्तु-सेवा कर. तेव्हा जकातीच्या बाबतीत दुसऱ्याकडे बोट दाखविताना आपण थोडे सांभाळून असावे हे बरे.

आमचा आक्षेप आहे तो पद्धतीवर. अध्यक्ष ट्रम्प यांचा हुकूम ३० जुलै २०२५ रोजी निघाला आणि महिन्याभरात अमलात आला. टपालाने येणाऱ्या मालावरील जकात कोणी गोळा करावी व सरकारात कशी भरावी यासंबंधी सूचना निघाल्या १५ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या दोन आठवडे आधी. टपाल नेणाऱ्या विमान कंपन्यांनी आपली तयारी नाही असे सांगून हात वर केले. आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सले घेणे थांबविले. पत्रे आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटी तेवढ्या चालू ठेवल्या होत्या, त्याही ३१ ऑगस्टच्या घोषणेने बंद झाल्या. आपलेच खाते गोंधळले असेही नाही. बर्न येथील जागतिक टपाल संघाच्या सांगण्याप्रमाणे ८८ टपाल खात्यांनी आपली अमेरिकेची सेवा सर्वस्वी वा अंशतः थांबविली, आणि आठवड्यापूर्वीच्या तुलनेने अमेरिकेकडे जाणारे टपाल ८१ टक्क्यांनी घटले. १८७४ साली स्थापन झालेल्या या संघाने दोन महायुद्धे पाहिली आहेत. शांततेच्या काळात एका हुकुमाने एवढे टपाल अडावे, हे त्यालाही नवे असले पाहिजे.

यात गंमत अशी की, जे कायद्याने माफ होते तेही अडले. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस पाठविलेली शंभर डॉलरपर्यंतची खरीखुरी भेट अमेरिकेने करमुक्तच ठेवली होती. पुस्तके व नियतकालिके यांनाही नव्या जकातीतून वगळले होते. म्हणजे आपल्या दिवाळी अंकावर ती जकात नव्हती. तरीही आईने घरी केलेले लाडू आणि मासिकाच्या कचेरीतून निघालेला अंक, दोन्ही टपाल कचेरीच्या खिडकीवरूनच परत आले. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार झाला.

आणि वेळ कोणती साधली? गणपती उठले की आपल्याकडे परदेशच्या फराळाच्या नोंदण्या सुरू होतात. पुणे, ठाणे, डोंबिवली येथील कितीतरी घरगुती उद्योगांची वर्षाची मिळकत या सहा-सात आठवड्यांवर अवलंबून असते. चकल्या तळणाऱ्या, करंज्या भरणाऱ्या बायकांना त्यातून हाती रोख पैसा मिळतो. २०२५ साली लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते, आणि टपाल खात्याची अमेरिकेची सेवा पूर्ववत् सुरू झाली १५ ऑक्टोबरला. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. ज्यांना खाजगी कुरिअरचा दर परवडला त्यांचा माल गेला. परंतु तेथेही प्रश्न उरलाच: पोचल्यावर तिकडे किती पैसे पडतील? दुकानदारास ते सांगता येत नव्हते आणि कुरिअरची शाखा निश्चित सांगत नव्हती. भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के व २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के जकात बसली होती. टपालाच्या मालासाठी तर पहिल्या सहा महिन्यांपुरता आणखी एक पर्याय वाहतूकदारांस दिलेला होता. टक्केवारीऐवजी पार्सलामागे ठोक रक्कम द्यावी, आणि ती मूळ देशाच्या दराप्रमाणे ८०, १६० अथवा २०० डॉलर. दोन किलो चिवड्यावर दोनशे डॉलर जकात ही कल्पना नाटककारालाही सुचली नसती.

गिऱ्हाइकाची फसगत होते ती मुख्यतः दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे मालाचा मूळ देश. सामान्य माणूस समजतो की, लंडनच्या दुकानातून माल घेतला तर इंग्लंडचा दर लागेल. वस्तुतः दर ठरतो तो वस्तू जेथे तयार झाली त्या देशावरून. लंडनच्या दुकानाचा सदरा चीनमध्ये शिवलेला असेल तर दर चीनचा. ही गोष्ट विक्रेत्याला ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. दुसरे ठिकाण वाहतूक कंपनीच्या आकाराचे. कायद्याच्या दृष्टीने न्यू जर्सीत बसून दोन किलो फराळ मागविणारा तरुण हा ‘आयातदार’ ठरतो. कंपनी त्याच्यातर्फे जकात भरते आणि त्या सेवेचे मोल त्याच्याकडून घेते. मोठ्या व्यापाऱ्याच्या जहाजभर मालावर असला आकार नगण्य असतो. वीस डॉलरच्या पार्सलावर मात्र तो पुष्कळदा जकातीलाही मागे टाकतो. सरकारची जकात निदान राजपत्रात छापलेली असते. हा आकार कोठे छापलेला आहे, हे शोधण्यास वकीलच लावावा लागेल.

याउलट शहाणपणाचीही उदाहरणे आहेत. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून हजार डॉलरपर्यंतच्या परदेशी मालावर आपला वस्तु-सेवा कर बसविला. परंतु तो वसूल करण्याची जबाबदारी मोठ्या विक्रेत्यांवर व विक्रीपेठांवर टाकली. युरोपने जुलै २०२१ मध्ये २२ युरोंची करमाफी काढली, त्याच वेळी दीडशे युरोपर्यंतच्या मालावरील कर खरेदीच्या क्षणीच विक्रेत्याने घ्यावा अशी सोय केली. कर चुकला नाही, पण गिऱ्हाइकास तो पैसे भरण्यापूर्वी दिसला. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपने ठरविले की, १ जुलै २०२६ पासून अशा लहान पार्सलांतील मालावर तीन युरो जकात घ्यावी. तिच्या योग्यायोग्यतेबद्दल वाद होऊ शकेल. पण रक्कम ठरीव आहे आणि सहा महिने आधी सांगितलेली आहे. दर कमी की अधिक, यापेक्षा तो आधी कळतो की मागाहून, यावर लहान माणसाचे सुखदुःख अधिक अवलंबून असते.

कोणी म्हणेल, अमेरिकेत डॉलर कमावणाऱ्यांनी चार डॉलर जास्त दिले तर तुम्हांस एवढा कळवळा का? त्यांच्या खिशाची आम्हांस काळजी नाही. परंतु दारात अनपेक्षित बिल आले की माणूस पार्सल नाकारतो. ते परत येते अथवा तेथेच नष्ट होते, आणि भुर्दंड बसतो तो इकडे माल पाठविणाऱ्यास. येवल्याच्या पैठणीची किंमत आठशे डॉलरच्या आत ठेवून जो दुकानदार जकातमाफीत माल धाडीत होता, त्यास एक साडी परत आली तर दहा साड्यांचा नफा गमवावा लागतो. मोठे निर्यातदार वकील ठेवतात, दलाल ठेवतात, शिष्टमंडळे घेऊन दिल्लीस जातात. या माणसाचे शिष्टमंडळ नाही.

दराचा आधारही स्थिर राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीच्या अधिकाराखाली बसविलेली जकात बेकायदा ठरविली. तथापि लहान पार्सलांची माफी स्थगित ठेवण्याचा हुकूम लगोलग नव्याने निघाला. आणि २०२५ च्या जुलैमध्ये संमत झालेल्या कायद्याने ती माफी १ जुलै २०२७ पासून कायमचीच रद्द व्हावयाची आहे. तेव्हा जुने दिवस परत येतील या आशेवर कोणी राहू नये.

यापुढे आपल्या हाती जे आहे ते आपण करावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये टपाल खात्याने जी रीत सुरू केली ती आम्हांस पसंत आहे: घोषित किमतीवर पन्नास टक्के जकात इकडेच, पार्सल स्वीकारताना घ्यावयाची, आणि तिकडे घेणाऱ्यास काही द्यावे लागू नये. दर जबर होता. पण तो खिडकीवर कळत होता आणि ही वसुली करण्याबद्दल खाते वेगळा आकार घेत नव्हते. खाजगी कुरिअर कंपन्यांवर हीच शिस्त का असू नये? आपल्याच २०२० च्या ई-व्यापारविषयक ग्राहक संरक्षण नियमांनी विक्रेत्यास सांगितले आहे की, पोचविण्याचा खर्च, हाताळणी व कर धरून एकूण किंमत एका आकड्यात दाखवावी आणि तिची फोड द्यावी. हा नियम आपल्या गिऱ्हाइकांसाठी आहे. इथून परदेशी जाणाऱ्या पार्सलाच्या पावतीसही तो लावण्यास कोणती अडचण आहे? जकात किती, कंपनीचा आकार किती, पार्सल नाकारल्यास परतीचा खर्च कोणाचा, हे तीन आकडे पावतीवर छापल्याशिवाय पार्सल स्वीकारू नये, असा दंडक केंद्र सरकारने घालावा.

टपाल खात्याने आणखी एक करावे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या टपाल कचेऱ्यांत प्रत्येक देशाचा चालू दर, भेटीची मर्यादा आणि माफ असलेल्या वस्तू यांचे मराठी कोष्टक खिडकीशेजारी लावावे, आणि दर बदलला की त्याच दिवशी ते बदलावे. फराळाच्या नोंदण्या गणपतींनंतर सुरू होतात. कोष्टक त्याआधी लागले पाहिजे.