चोर सोडून संन्याशास फांशी

शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गांवीं बसून राष्ट्राच्या परराष्ट्रनीतीवर टीका करण्याचा आम्हांस अधिकार काय, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, दूर देशीं कोणी कोणाचें बंदर बंद केलें म्हणजे त्याची झळ खानदेशास लागते, हें या भूमीस दीडशें वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. १८६१ सालीं अमेरिकेंतील यादवींत उत्तरेच्या सरकारनें दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावांचून अडल्या, आणि आमच्या काळ्या जमिनींतील कापसास पूर्वीं कधीं न मिळालेला भाव आला. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळला, आणि तेजीच्या भरंवशावर ज्यांनीं कर्ज काढलें होतें त्यांच्या ओसरीवर सावकार येऊन बसला. तेव्हां निर्बंध या शस्त्राविषयीं बोलण्याचा हक्क कापूस पिकविणाऱ्या प्रांतास इतरांहून अधिकच आहे.

आज प्रश्न पाकिस्तानचा आहे. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगाम येथें २६ निरपराध माणसांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशीं आपल्या सरकारनें अटारीचा मार्ग बंद केला व सिंधु-जलकरार स्थगित केला. २ मे रोजीं पाकिस्तानच्या सर्व मालास, मग तो तिसऱ्या देशाच्या वाटेनें कां येईना, बंदी झाली. ९ मे रोजीं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढें पाकिस्तानच्या कर्जाचा प्रश्न आला, तेव्हां आपल्या प्रतिनिधीनें आक्षेप नोंदवून मतदानांतून अंग काढून घेतलें; कर्ज मंजूर झालें तें झालेंच. पहलगामच्या वार्तेनें आम्हांस जो संताप आला तो कोणाहून कमी नव्हता. मारेकऱ्यांस व त्यांच्या पोशिंद्यांस शासन झालेंच पाहिजे, याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो शासन कोणाच्या पाठीवर पडतें, याविषयीं.

त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत यूरोपीय संघानें, रशियन भागीदारी आहे म्हणून, गुजरातेंतील एका तेलशुद्धीच्या कारखान्यावर निर्बंध घातले. आपल्या परराष्ट्र खात्यानें तत्काळ सांगितलें कीं, एकतर्फी निर्बंध भारत मानीत नाहीं. ऑगस्टांत रशियाचें तेल घेतल्याबद्दल अमेरिकेनें आपल्या मालावर शेंकडा २५ चा ज्यादा कर लादला. त्यास आपण अन्याय्य म्हटलें, आणि तें योग्यच म्हटलें. परंतु त्याच तोंडानें शेजारच्या विणकऱ्यावर व फळवाल्यावर पडलेल्या कुऱ्हाडीचा जयजयकार आमच्यांतील शिकलेल्या वर्गानें केला, त्यास काय म्हणावें? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें, ही म्हण घरगुती कलहांत शोभते; राष्ट्राच्या नीतींत शोभत नाहीं. दोहोंचीं कारणें भिन्न आहेत, हें आम्ही मान्य करतों. आपल्या माणसांचें रक्त सांडलें होतें. अमेरिकेचें तसें कांहीं झालें नव्हतें. पण कारण न्याय्य असलें म्हणजे साधनही आपोआप न्याय्य ठरतें, हें तर्कशास्त्र आम्हांस कोणत्याच ग्रंथांत आढळलें नाहीं.

शिवाय तें साधन फलदायी तरी आहे काय? गोव्याचें उदाहरण आपल्या घरचें आहे. १९५५ सालीं सत्याग्रह्यांवर गोळीबार झाल्यावर भारत सरकारनें गोव्याची आर्थिक कोंडी केली, आगगाडी थांबविली, पैसे पाठविण्यावर निर्बंध घातले. मुंबईंत राबणाऱ्या गोवेकराच्या पैशावर ज्या म्हातारीची चूल पेटत होती तिला त्याचा चटका बसला. पोर्तुगीज सरकारनें मात्र परदेशांतून माल आणविला, लोखंडाच्या खनिजाची निर्गत वाढविली, आणि सालाझारचें आसन हाललें नाहीं. पोर्तुगीज सत्ता गेली ती १९६१ च्या डिसेंबरांत, आणि ती कोंडीनें नव्हे, सैन्यानें गेली.

दुसरें उदाहरण १९९८ चें. मे महिन्यांत आधीं आपण व मग पाकिस्ताननें अणुस्फोट केले, आणि अमेरिकेनें दोघांवरही निर्बंध घातले. पाकिस्तानच्या सरकारनें पहिल्याच दिवशीं बँकांतील परकीय चलनाच्या ठेवी गोठविल्या. म्हणजे दंड भरला तो ठेवीदारानें, बाँब बनविणाऱ्यानें नव्हे. पुढें २००१ सालीं अमेरिकेस अफगाणिस्तानच्या युद्धासाठीं मित्र हवे झाले, तेव्हां ते निर्बंध उठले. अणुबाँब दोन्ही देशांपाशीं जसेच्या तसे राहिले. अशा शस्त्रावर जो देश आपली आशा ठेवील तो दुसऱ्याच्या सोयीचा चाकर होईल.

मग शत्रूस मोकळें सोडावें काय? मुळींच नाहीं. दहशतीस पुरविल्या जाणाऱ्या पैशावर देखरेख करणारी एफ. ए. टी. एफ. नांवाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिनें २०१८ च्या जूनपासून २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत पाकिस्तानास संशयितांच्या यादींत ठेवलें, आणि याच काळांत, २०२० सालीं, हाफिझ सईदला तेथील न्यायालयानें दहशतीस पैसा पुरविल्याबद्दल शिक्षा दिली. मसूद अझहरचें नांव संयुक्त राष्ट्रांच्या यादींत चढविण्यास दहा वर्षें लागलीं, तरी २०१९ च्या १ मे रोजीं तें चढलें. हा मार्ग मंद आहे, त्यांत सभागृहें दणाणत नाहींत; पण त्यांत अपराध्याचें नांव लिहिलेलें असतें. नाणेनिधीपुढील आपला आक्षेपही याच जातीचा, सरकारी तिजोरीस उद्देशून होता, म्हणून त्यास आमचा पाठिंबा आहे. सरसकट व्यापारबंदी मात्र चोर सोडून संन्याशास फांशी देते.

आणि संन्यासी केवळ पलीकडचेच नसतात. पाकिस्तानच्या गिरण्या एके काळीं भारतीय कापसाचें मोठें गिऱ्हाईक होत्या. २०१९ च्या फेब्रुवारींत, पुलवामानंतर, आपण त्यांच्या मालावर शेंकडा २०० जकात बसविली. ऑगस्टांत त्यांनीं व्यापारच बंद केला. २०२१ च्या ३१ मार्चला त्यांच्या आर्थिक समितीनें भारतीय कापूस व साखर घेण्यास अनुमति दिली, आणि दुसऱ्याच दिवशीं त्यांच्या मंत्रिमंडळानें ती फिरविली. तेथील मंत्र्यांचा मान राहिला. येथील शेतकऱ्याचें गिऱ्हाईक गेलें. पुढें २०२५ च्या ऑगस्टांत अमेरिकेच्या करानें कापडगिरण्या संकटांत आल्या, तेव्हां त्यांच्या सोयीसाठीं आपल्या सरकारनें परदेशी कापसावरील शेंकडा ११ आयातकर माफ केला आणि ती माफी डिसेंबरअखेर वाढविली. आमच्याकडे कापूस वेंचून घरांत येण्याचे दिवस नेमके हेच! भांडण रशियाच्या तेलाचें, दंड अमेरिकेचा, आणि वसुली शिंदखेड्याच्या शेतकऱ्याकडून, असा हा हिशेब झाला.

‘शत्रूशीं व्यापार म्हणजे हुतात्म्यांच्या रक्ताचा व्यापार,’ असें आमचे एक विद्वान मित्र बैठकींत तावातावानें म्हणाले. त्यांचा पगार दरमहा बिनचूक येतो, आमचाही येतो. ज्याच्या गांठचें कांहीं जात नाहीं त्याचा त्याग फार उदात्त असतो. सुरक्षिततेसाठीं कोणता मार्ग बंद करणें खरोखरच आवश्यक असेल तर तो सरकारनें अवश्य बंद करावा. परंतु त्याची किंमत संसदेपुढें आंकड्यांनीं मांडावी, आणि ज्याचें नुकसान होईल त्यास तें राष्ट्राच्या तिजोरींतून भरून द्यावें. निर्बंधाच्या घोषणेबरोबर जो हा हिशेब मांडणार नाहीं, त्याच्या देशभक्तीचें बिल दुसऱ्याच्या नांवावर फाटतें. तें बिल आजवर आम्हीं खानदेशांत पुष्कळ वेळां भरलें आहे. यापुढें निदान तें कोणी फाडलें, एवढें तरी विचारण्याचा हक्क आम्ही सोडणार नाहीं.