घोड्याला रिंगण हवे, तशी रपेटही हवी

लग्नसराई संपली की आपल्याकडचे बरेच घोडे अगाडी-पिछाडीला बांधले जातात आणि पुढची सुपारी येईपर्यंत तिथेच उभे राहतात. वैरण वेळेवर मिळते, खरारा होतो, मालकाची मायाही खरी असते. पण निसर्गात दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत फिरणारे हे जनावर एका जागी उभे राहिले की त्याचे पाय सुजतात, पोट बिघडते. मग ते डुलू लागते, गव्हाणीचे लाकूड चावत हवा गिळू लागते. असा घोडा वरातीत उधळला की 'जनावर खोडीचं आहे' असा शेरा मारून आपण मोकळे होतो. खोड घोड्याची नसते, त्याच्या रिकाम्या दिवसांची असते.

मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा कमंगरच्या शिवारात मुलांना घोडेस्वारी शिकवते. माझे म्हणणे असे, की घोड्याला जवळजवळ रोज काम हवे आणि त्या कामाचे दोन भाग हवेत: रिंगणातला सराव आणि मोकळ्या वाटेवरची रपेट. आपल्याकडे कोणी नुसते रिंगण धरतो, कोणी नुसता रस्ता. दोन्हींत घोड्याचे नुकसान आहे.

रिंगणात घोडा ऐकायला शिकतो. चालीतून दुडकी, दुडकीतून पुन्हा चाल, मांडीच्या हलक्या दाबाने वळणे, लगाम न ओढता थांबणे, हे सारे तिथेच बसते. माणसासारखाच घोडाही उजवा-डावा असतो. एका बाजूला सहज वाकतो, दुसरीकडे अंग ताठ धरतो. ते ताठपण काढायला मोठी वर्तुळे, आठच्या आकड्याची वळणे आणि भरपूर धीर लागतो. अर्ध्या-पाऊण तासाचे नेटके काम पुरते. त्यापुढे ताणले तर घोड्याचे लक्ष उडते. दोर लावून लहान वर्तुळात खूप वेळ कावा देत राहिले तर सांध्यांवर तिरपा ताण पडतो. कोवळ्या शिंगराला तर तसे फिरवूच नये, कारण घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते.

रपेटीत घोड्याचे शरीर घडते. सरळ, लांब, चढ-उताराच्या वाटेवर ढिल्या लगामाने चालताना मागचे पुठ्ठे भरतात, दमसास वाढतो, खुरांत रक्त खेळते. स्नायू काही आठवड्यांत भरतात. कंडरा आणि हाडे पक्की व्हायला महिने लागतात. म्हणून सुट्टीवरून आलेल्या घोड्याला आधी कित्येक दिवस नुसते चालवायचे, पळवायचे नंतर. लवकर पळवण्याची घाई आमच्या भागात फार घोडे लंगडे करते.

आणि रपेटीत घोड्याचे मन घडते. घोडा मुळात शिकार होणारे जनावर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चहूकडचे दिसते. अगदी नाकासमोरचे आणि थेट पाठीमागचे तेवढे दिसत नाही. उडती पॉलिथिनची पिशवी, मागे येणाऱ्या ट्रकची पीं-पीं, शिफ्टच्या बसचा हॉर्न ही त्याला संकटे वाटतात. ती रिंगणात भेटत नाहीत. आमची घोडी तारा सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातली. बाजेवर नाचायला तरबेज, पण मोकळ्या वाटेवर दहा पावले शांत चालणे तिला माहीत नव्हते. लगामाला हात लागला की मान वर टाकायची. आम्ही तिला एका म्हाताऱ्या, संथ घोड्यामागे शेजारच्या कुंभेफळच्या बाजूला रोज पहाटे नेले, आणि रिंगणात फक्त थांबणे-चालणे शिकवले. आज गावच्या मांगीरबाबांच्या यात्रेच्या गर्दीजवळून तिच्यावर लहान मूल बसवून नेता येते.

हे नवे शास्त्र नाही. 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणाऱ्या मलिक अंबरच्या फौजेतल्या मराठा बारगिरांचे बळ लांब मजला मारण्यात होते, आणि ते बळ डोंगर-नाले तुडवूनच आले. दुसरे टोक व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचे. जगातले सर्वांत शिस्तीचे रिंगण तिथे आहे, तरी त्यांचे घोडे उन्हाळ्यात हेल्डेनबर्गला जातात आणि रानात फिरतात. 2023 मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या हृदय छेडासह चौघा भारतीयांनी ड्रेसाजचे, म्हणजे रिंगणातल्या शिस्तीच्या चालींचे, सांघिक सुवर्ण मिळवले. घोडेस्वारीत भारताला 41 वर्षांनी सुवर्ण मिळाले. पण त्यासाठी या स्वारांना युरोपात राहून सराव करावा लागला. आपल्या मुलांना इथेच चांगले रिंगण आणि चांगली वाट मिळाली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

'वाट आहेच कुठे?' असे मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. जालना रोडवर घोडा नेणे धोक्याचे, समृद्धी महामार्गावर तर जनावरांना बंदीच. शेंद्र्याच्या ऑरिक या औद्योगिक शहराचे काँक्रीट रस्ते रुंद आणि देखणे, पण नाल मारलेला पाय त्यावर घसरतो. पावसात काळी माती पाय धरते, मे महिन्यात तिला भेगा पडतात. उरतात मुरमाचे माळ आणि पाणंद रस्ते, आणि तेही दरवर्षी आक्रसत चालले आहेत. म्हणून ग्रामपंचायतींना विनंती की पाणंदी अतिक्रमणातून सोडवा. ऑरिकला विनंती की रुंद रस्त्यांच्या कडेला मुरमाची एक पट्टी ठेवा. घोड्याबरोबर बैलगाडी, मेंढरे आणि पहाटे पळणारी पोरेही ती वापरतील.

घोडेमालकांनाही सांगणे आहे. काटेरी लगाम फेकून द्या. 1965 च्या केंद्रीय नियमांनी तो केव्हाच बंद केला आहे. तेच नियम 37 अंशांवर पारा जाणाऱ्या भागात दुपारी 12 ते 3 गाडी किंवा ओझ्याला जनावर जुंपायला मनाई करतात. आपल्या उन्हाळ्यात स्वारीलाही तोच दंडक लावा. उजाडताना बाहेर पडा, पहिली दहा-पंधरा मिनिटे आणि शेवटची तेवढीच नुसती चाल ठेवा. आठवड्यातून दोन-तीन दिवस रिंगण, बाकी रपेट, एक दिवस मोकळे सोडणे. यासाठी पैसा लागत नाही, रोजचा तासभर लागतो. तो देता येत नसेल, तर घोडा बाळगू नये.