कडबाकुट्टी घेताना फिरवणारीला विचारा



कडबाकुट्टी घ्यायला निघालो की आपण पाते बघतो, चाक बघतो आणि किंमत पाडून मागतो. ते यंत्र रोज फिरवणार कोण, हे मात्र कुणी विचारत नाही. पुष्कळ घरी दांडा फिरवते घरची बाई आणि वैरण सारते सून, नाहीतर शाळेतून आलेले पोर. यंत्र त्यांच्या बेताचे हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अहेरी भागात ढोरांना मुख्य आधार भाताच्या तणशीचा. ऊस असेल तिथे तोडीच्या दिवसांत वाढेही. दोन्हींची तऱ्हा वेगळी. वाढे राठ, मोठा पेंढा एकदम सारला की चाक अडते आणि फिरवणारीच्या खांद्याला हिसका बसतो. तणस मऊ अन् निसरडी. रूळ ती नीट ओढत नाहीत, म्हणून माणूस हाताने रेटतो. बोटे जातात ती इथेच. दांडा सोडला तरी जड चाक लगेच थांबत नाही.

कुणी म्हणेल, हातयंत्राला एवढे काय? इंजिनावरच्या मळणीयंत्राला भारतीय मानकाने किमान ९० सेंमी लांबीची पन्हळ सांगितली आणि तिचा ४५ सेंमी भाग झाकलेला हवा म्हटले. हेतू एवढाच की हात आत पोचूच नये. पाते हाताने फिरवले म्हणून बोट कमी कापते काय?

तेव्हा गटाने खरेदी करताना एवढे बघाच. पन्हळ लांब व रुळाकडून झाकलेली असावी. चाकाला जाळी आणि काम थांबल्यावर अडकवायला खीळ असावी. दांडा वर गेल्यावर हात खांद्याच्या वर जाऊ नये, खाली आल्यावर कमरेत वाकावे लागू नये. उंची जमत नसेल तर पायाखाली फळी किंवा यंत्राखाली ओटा करा. पाते वेळेवर पाजळा. बोथट पात्याला जोर जास्त लागतो. तणस लाकडी ठोकळ्याने रेटा. रुळात गुंतली तर आधी खीळ, मग हात. आणि पोरांना सारायला बसवूच नका.

दुकानात जाताना घरातल्या बाईला सोबत न्या, जमल्यास तणशीची पेंढीही न्या. चार फेरे तिला फिरवू द्या. ती 'जमतंय' म्हणाली, तरच पैसे मोजा.